नकाशावाल्या बाईचं डोकं चालतं तरी कसं? (नागपूर, वर्धा रोड, आत्याबाई आणि उडी)

संत्राबर्फी (धागाकर्ता)
परवा रात्री आत्याबाईंना विमानतळावरून घेऊन येत होतो. घर त्रिमूर्तीनगरला, म्हणजे खालच्याच रस्त्याने येऊन छत्रपती चौकातून डावीकडे वळायचं. पण गप्पांच्या नादात सवयीने डबलडेकर पुलावर चढलो. डोक्यावर मेट्रो, खाली जुना वर्धा रोड, आम्ही मधल्या माळ्यावर. छत्रपती चौक आला (खाली आला, आम्ही वरच) आणि फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "डावीकडे वळा."

डावीकडे कठडा.

आत्याबाई मागून म्हणाल्या, "वळा म्हणजे? उडी मारायची का रे?"

पूल संपेपर्यंत बाईचा तोच घोष. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आपण वर आहोत की खाली हे तिला कळत नाही का? आणि मुळात रस्ता शोधते कशी?

दुसरं म्हणजे, बाबांच्या जुन्या गाडीत कंपनीने बसवलेलं यंत्र आहे, मेमरी कार्डवाला नकाशा. ते आणि फोन कधीच एका रस्त्याने नेत नाहीत. त्यात छत्रपती चौकातला जुना पूल अजून उभा आहे, जो २०१६ मध्ये पाडला! यातलं कोणाला कळतं त्यांनी जरा उलगडून सांगा. आयटीवाल्यांनी इंग्रजी फेकू नये ही विनंती.

भर_उन्हात
उडी नाही मारली ना बे? मग बाई चुकली कुठं, तूच ऐकलं नाही 😄

पर्वतीवरून
आमच्या पुण्यात यंत्र चुकलं तर निदान पाट्या असतात. (हलके घ्या. दीड वर्ष झालं नागपुरात येऊन, इथले रुंद रस्ते पाहून अजून जळतो.) धागा वाचतोय, उत्सुकता आहे.

साखळीवाला
आठेक वर्षं डिजिटल नकाशाच्या कामात फील्डवर होतो, म्हणून लिहितो. लांबेल.

पहिली गोष्ट ही की यंत्राला रस्ता 'दिसत' नाही. पडद्यावरचं रंगीत चित्र तुमच्या-माझ्यासाठी. त्याच्याजवळ असते एक भलीमोठी वही. त्यात चौक, आणि दोन चौकांमधले तुकडे. प्रत्येक तुकड्यापुढे नोंदी: लांबी किती, महामार्ग की गल्ली, दोन्हीकडून जाता येतं की एकीकडूनच, साधारण वेग किती, टोल आहे का, पूल आहे का. या नोंदींवरून प्रत्येक तुकड्याला एक 'भाव' लावतात. लवकर पोचायचं असेल तर भाव मिनिटांत, जवळून जायचं असेल तर मीटरमध्ये. रस्ता शोधणं म्हणजे सगळ्यात कमी भावाची साखळी जोडणं. बस.

उदाहरण घ्या. व्हरायटी चौकातून लॉ कॉलेज चौकात जायचंय. एक वाट महाराजबागेवरून सरळ अमरावती रोडने. दुसरी झाशी राणी चौक, नॉर्थ अंबाझरी रोड, शंकरनगर चौक आणि तिथून उजवीकडे वेस्ट हायकोर्ट रोडने. माणूस म्हणेल, पहिली सरळ आहे, विषय संपला. यंत्राला 'सरळ' हा शब्द माहीत नाही. ते दोन्हीकडच्या तुकड्यांची बेरीज करतं. समजा अमरावती रोडवर खोदकाम आहे आणि तिथल्या तुकड्यांचा भाव दुप्पट झाला, तर लांबची वाट स्वस्त पडते. आपल्याला वाटतं बाई फिरवून राहिली.

पण सगळ्या वाटांची बेरीज करत बसली तर वर्ष जाईल. म्हणून एक युक्ती आहे. व्हरायटी चौकात टँकर फुटला असं समजा. पाणी आधी जवळच्या चौकांत पोचेल, तिथून पुढच्या, तिथून पुढच्या. ज्या चौकात पाणी पहिल्यांदा पोचलं, ती तिथवरची सगळ्यात स्वस्त वाट. तो चौक पक्का, त्याचा पुन्हा हिशेब नाही. लॉ कॉलेज चौक ओला झाला की थांबायचं आणि पाणी कुठून कुठून आलं ते उलटं वाचत यायचं. ही युक्ती डाइक्स्ट्रा नावाच्या डच माणसाची. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला होता, दमून कॉफी प्यायला बसले, तिथे वीसेक मिनिटांत कागद-पेन्सिल न घेता सुचली. छापली १९५९ मध्ये. लोकांना दाखवायला त्याने हॉलंडमधली ६४ शहरं घेतली होती.

भर_उन्हात
खरेदीला गेल्यावर नवऱ्याला दुसरं काही सुचत नाही, घरी जायची जवळची वाटच सुचते. हे तं मला बी माहीत होतं.

संत्राबर्फी
@साखळीवाला, टँकर लक्षात राहील. पण पाणी चारी बाजूंनी पसरणार ना? मला पश्चिमेला वाडीला जायचंय आणि पाणी पूर्वेला पारडीकडेही चाललंय, हा फुकटचा खर्च नाही का?

साखळीवाला
बरोबर पकडलंत. म्हणून १९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या तिघांनी, हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी, त्यात भर घातली. ते शेकी नावाचा यंत्रमानव खोलीत फिरवत होते. त्यांनी जमिनीला उतार दिला असं समजा. प्रत्येक चौकात 'इथवरचा खर्च' अधिक 'इथून मुक्कामापर्यंत निदान इतकं तर लागेलच' असा अंदाज. अंदाज सरळ रेषेतल्या अंतराचा, कारण त्याहून जवळचा रस्ता असूच शकत नाही. मग पाणी वाडीकडेच जास्त धावतं, पारडीकडे चार पावलं टाकून थांबतं. या रीतीला 'ए स्टार' म्हणतात.

तरी नागपूर ते मुंबई विचारलं तर हेही दमतं. तिथे माणसाचीच अक्कल वापरलीय. मुंबईला निघालेला माणूस महालातल्या प्रत्येक बोळीचा विचार करतो का? घरातून मोठ्या रस्त्याला लागतो, तिथून महामार्गाला, आणि मुंबई आल्यावर पुन्हा गल्लीत. जुन्या यंत्रांत रस्त्यांना दर्जे देऊन ठेवत. घर सोडून लांब गेलं की खालच्या दर्जाचे रस्ते बघायचेच नाहीत. २००८ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहेच्या मंडळींनी याची जास्त नेटकी रीत काढली. बिनमहत्त्वाचे चौक एकेक करून काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी 'इथून तिथे एकदम इतकी मिनिटं' असे आडवे धागे आधीच विणून ठेवायचे. हे काम एकदाच, निवांत करून ठेवायचं. मग तुम्ही विचारलं की दोन्ही टोकांकडून जास्त महत्त्वाच्या चौकांकडे चढत यायचं आणि मध्ये कुठेतरी गाठ पडते. तुम्ही बटण दाबता आणि बोट उचलायच्या आत उत्तर येतं ते यामुळे.

पर्वतीवरून
वळणांचं काय? सीताबर्डीत मला यंत्राने एका ठिकाणी उजवीकडे वळायला लावलं, वळलो आणि पोलिसाने शिट्टी मारली. वळायला बंदी होती. पावती फाडली ती माझीच.

साखळीवाला
पैसे पोलिसाला देता, चूक वहीची असते. 🙂 आमचं अर्धं आयुष्य यातच गेलं, म्हणून जरा सविस्तर.

दुभाजक असलेला रस्ता नकाशात एक रेघ नसतो, दोन असतात, जाणारी आणि येणारी. म्हणजे असे दोन रस्ते जिथे कापतात तो चौक आपल्याला एक दिसला तरी वहीत चार ठिपके आणि त्यांच्यामधले चार बारके तुकडे असतात. आता 'उजवीकडे वळू नये' ही पाटी कुठे लिहिणार? ठिपक्यावर नाही लिहिता येत, कारण तिथून सरळ जाणाऱ्याला मुभा आहे. तुकड्यावरही नाही. म्हणून वेगळी नोंद करतात: 'या तुकड्यावरून, या ठिपक्यातून, त्या तुकड्यावर जायचं नाही.' तिघांची मिळून एक बंदी. आणि या बंद्या पाळायच्या तर टँकरचं पाणी चौक मोजत नाही, तुकडे मोजतं: मी कुठल्या चौकात आहे यापेक्षा इथे कुठून आलो ते महत्त्वाचं.

आम्ही दोघं गाडीत. एक चालवायचा, दुसरा मांडीवर लॅपटॉप घेऊन. प्रत्येक चौक चारी बाजूंनी घ्यायचा, म्हणजे एकाच चौकात चार चकरा. पानवाले ओळखायला लागायचे, एकाने विचारलं होतं, "साहेब, कोणाला शोधून राहिले?" मे महिन्यात हे काम करून पहा. आणि इतकं करून आठवड्याने कोणीतरी दुभाजक फोडून नवी वाट करतो किंवा असलेली बुजवतो, की आमची वही खोटी.

शिवाय बंदी नसली तरी वळणाला भाव असतो. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणून डावं वळण स्वस्त, उजवं महाग, यू टर्न सगळ्यात महाग. बाई कधी कधी तीन डावी वळणं घेऊन एक उजवं टाळते ते यामुळेच.

संत्राबर्फी
आता माझ्या उडीचं सांगा ना!

साखळीवाला
येतो. फोनला आपली जागा उपग्रहांवरून कळते, वीस हजार किलोमीटर वरून. किमान चार लागतात: तीन जागेसाठी आणि चौथा फोनचं स्वस्त घड्याळ सुधारायला. मोकळ्या मैदानातही चारपाच मीटर इकडेतिकडे चालतं, आणि उंचीतली चूक तर त्याहून जास्त. म्हणजे फोनकडे असतो एक डळमळीत ठिपका. तो कुठल्या तुकड्यावर बसवायचा हे वही बघून ठरवावं लागतं.

आपल्या पुलाची गंमत ही की तो जुन्या रस्त्याच्या बरोब्बर डोक्यावर आहे. वरून पाहिलं तर दोन्ही रेघा एकमेकींवर, तीन किलोमीटरहून जास्त. वहीत मजल्याचा आकडा असतो, खालचा शून्य, वरचा एक, पण तुमच्या ठिपक्याला मजला माहीत नसतो. मग यंत्र अंदाज बांधतं. चढणीच्या तोंडाशी ठिपका जरासा कोणत्या रेघेकडे झुकला? पुढे सिग्नलला थांबला का? वेग किती? त्यात तुम्ही रात्री आलात, खालचा रस्ताही मोकळा, म्हणजे वेगावरूनही फरक कळेना. आणि बाईने तर आधीच ठरवलं होतं की तुम्ही खालून जाणार. शंका आली की ती स्वतःच्या ठरलेल्या वाटेवरच ठिपका बसवते. माणसंही तेच करतात म्हणा.

ही ठिपका बसवायची रीत उपग्रहांच्याही आधीची आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत इटॅक नावाचं गाडीतलं यंत्र निघालं, नकाशा चक्क कॅसेटवर. उपग्रह नाहीत. चाकं किती फिरली आणि होकायंत्राचा काटा किती वळला यावरून गाडी कुठे असेल ते मोजायचं. चूक साचत जायची, मग गाडी वळली की 'इथे वळण्यासारखा कोपरा हाच' म्हणून ठिपका त्या कोपऱ्यावर आणून ठेवायचा.

पुलांचं दुखणं सगळ्यांनाच आहे. गूगल मॅप्सने २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांत 'पुढे पूल आहे, चढायचं आहे' असं आधी सांगायची सोय आणली ती त्यासाठीच. पण सांगणं वेगळं आणि चढलात की नाही हे ओळखणं वेगळं.

जुना_ओव्हरसियर
धागा चांगला चालला आहे. माझी थोडी भर.

गाडीतली बाई 'एनएच ४४ वर या' म्हणते तेव्हा माझ्या पिढीला कळत नाही. आमच्यासाठी तो सात नंबर. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे आकडे बदलले, सातचा इथून जाणारा भाग ४४ मध्ये गेला आणि भंडाऱ्याकडे जाणारा सहा नंबर ५३ झाला. गावातला माणूस तर आकडाच घेत नाही. तो जबलपूर रोड म्हणतो, भंडारा रोड म्हणतो. एकाच रस्त्याची अशी चार नावं वहीत लिहावी लागत असतील.

आणि झिरो माइलचा दगड भारताचा मध्य म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो, पण तो १९०७ चा सर्वेक्षणाचा दगड आहे, उंची मोजण्यासाठी प्रमाण म्हणून बसवलेला. त्याच्या खांबावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशा गावांची अंतरं कोरली आहेत. साखळीवाल्यांची वही म्हणजे तोच खांब, फक्त चौकाचौकात एक.

साखळीवाला
काका, पुढल्या वेळी कोणी विचारलं की हेच सांगणार. _/\_

पांढरी_टॅक्सी
मी रोज गाडी चालवतो, पोट त्याच्यावर आहे, म्हणून माझं बी ऐका. साखळीवाले भाऊंचं सगळं बरोबर, पण रस्ता रोज बदलते. वही वर्षाची, रस्ता आजचा.

नकाशात गर्दीची लाल-पिवळी रेघ येते ती आपल्याच फोनांवरून. गाड्या हळू झाल्या की रेघ लाल. पण नागपुरात दोन गोष्टींत ती कधी कधी फसते. एक म्हणजे टूव्हीलर. गाड्यांची रांग उभी आहे आणि पोट्टे मधून कट मारून निघून राहिले, तर त्यांचे फोन सांगतात रस्ता चालू आहे. दुसरी म्हणजे पूर्ण बंद रस्ता. डिसेंबरमध्ये अधिवेशन आलं की विधानभवनाकडं बॅरिकेड. तिथं गाड्याच नाहीत, म्हणजे हळू चालणारा फोनच नाही! मग ती जुन्या हिशेबावर चालते आणि म्हणते मोकळा आहे, जा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी-महालाकडं पहा. मागच्या खेपेला एक बाहेरगावचा साहेब बसला होता, मॅप दाखवून म्हणे इकडून घ्या. मी म्हटलं साहेब, समोर काळी अन् पिवळी मारबत भेटून राहिली, लाखभर माणूस आहे, तिथं तुमची बाई काय करणार? मॅप त्याने खिशात घातला अन् उतरून फोटो काढायला गेला.

पर्वतीवरून
याच्या उलटही होतं. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि रिकाम्या रस्त्याने रमतगमत ओढत नेले. नकाशात तो रस्ता लालभडक.

भर_उन्हात
आमच्या गल्लीसाठी हातगाडी मिळेल का भाड्याने? फोन मी जमवतो.

संत्राबर्फी
बाबांच्या गाडीतल्या यंत्राचं उत्तर आता मलाच मिळालं. त्यात कार्डावरची वही आहे, फोनांची खबर नाही. रविवारी मुद्दाम ते चालू ठेवून समृद्धीवरून वर्ध्याकडे गेलो. शिवमडक्याला, म्हणजे समृद्धीच्या नागपूरकडच्या तोंडाशी, चढलो आणि यंत्राने हात टेकले. पडद्यावर आमची गाडी पांढऱ्या पट्ट्यावर नाही, काही नाही, थेट वावरातून! बाबा खूश: "शंभरच्या स्पीडने कपाशीतून चाललो रे." यंत्रातली बाई बिचारी दर दोन मिनिटांनी जवळचा रस्ता शोधायची आणि 'शक्य असेल तिथे यू टर्न घ्या' म्हणायची. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पार मुंबईजवळ आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये पूर्ण. २०१५ च्या कार्डाला कुठून माहीत असणार?

पांढरी_टॅक्सी
आणि समृद्धीवर टूव्हीलर चालत नाही. फोनमध्ये गाडीचं चित्र ठेवून बाईकवर निघालेले पोट्टे तिथल्या तोंडावरून परत फिरताना पाहिले मी. आधी आपण कोण ते तिला सांगा.

साखळीवाला
अगदी. तुकड्यापुढे 'कोणाला मुभा' हाही रकाना असतो. त्याच वहीतून बाईकसाठी आणि कारसाठी दोन वेगळे नकाशे निघतात म्हणा ना.

तर्रीपोहे
इतकं सगळं वाचलं, आता माझी अडचण. बेसा भागात आमचा लेआउट आहे. सामान घेऊन येणारा मुलगा दर वेळी फोन करतो, "मॅडम, तुमच्या घरासमोर उभा आहे." मी गेटवर, समोर कोणी नाही. तो असतो मागच्या गल्लीत, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे. भिंतीवरून पिशवी घेतलीय मी दोनदा. पत्ता बरोबर, प्लॉट नंबर बरोबर. काहून होत असेल असं?

साखळीवाला
ताई, तुमचं घर वहीत रस्त्यावर नाही, नुसता एक ठिपका आहे. टँकरचं पाणी फक्त रस्त्यांच्या तुकड्यांवरून वाहतं, म्हणून शेवटच्या क्षणी यंत्र तुमच्या ठिपक्यापासून सगळ्यात जवळचा तुकडा शोधतं आणि तिथे नेऊन सोडतं. ठिपका घराच्या मध्यावर किंवा मागच्या खोलीवर पडला असेल तर मागची गल्ली दोन-तीन मीटरने जवळ पडते. भिंत त्याला माहीतच नाही. ॲपमध्ये पत्ता उघडा आणि पिन बोटाने ओढून गेटच्या बाहेर, समोरच्या रस्त्यावर ठेवा. छपरावर नको, रस्त्यावर. आणि हौस असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा. २००४ पासून लोकच मिळून तो नकाशा बनवतात, तिथे तुमचं गेट तुम्हीच दाखवू शकता.

संत्राबर्फी
पुलाचा प्रयोग कळवतो. काल मुद्दाम पुन्हा गेलो, या वेळी 'पुलावरून अजनीकडे' अशी वाट लावून. एकदाही चुकली नाही. मग उलट केलं, तीच वाट लावून खालून गेलो. छत्रपती चौकात सिग्नलला उभा, समोर संत्रीवाला, आणि बाई म्हणते पुलावरून सरळ जा. सिग्नल सुटला, पुढचाही लागला, तेव्हा कुठे तिचं चक्र फिरलं आणि नवी वाट आली. साखळीवाले, दोन सिग्नल लागतात तिला शंका यायला!

साखळीवाला
वा. हे आमच्या साहेबांना दाखवायला हवं होतं.

तर्रीपोहे
पिन हलवली. आज मुलगा पहिल्यांदा गेटवर आला, तोही चकित. पण मागच्या गल्लीतल्या काकू संध्याकाळी विचारत आल्या, "काहून वो, तुमचे पोट्टे येणं बंद झाले का?" दर वेळी भिंतीशी उभ्या राहणाऱ्या त्या मुलांना त्या उन्हाळाभर माठातलं पाणी पाजत होत्या म्हणे. मला आज कळलं.